जुने जपानी मूकपट: जे हाती उरलंय ते का बघावं

रीळवेडा

जपानी सिनेमाची चर्चा निघाली की आपली गाडी बहुतेक वेळा १९५० च्या 'राशोमोन'पासून सुटते. त्याआधीची पन्नास वर्षं जणू घडलीच नाहीत. मला या धाग्यात त्याच काळाबद्दल, त्यातही साधारण १९२० ते १९३७ या वर्षांबद्दल बोलायचंय. गेली काही वर्षं मी हे चित्रपट मिळतील तसे, मिळतील त्या प्रतीत बघतोय आणि त्यांनी मला अक्षरशः झपाटलंय.

सर्वात आधी एक गोष्ट. जपानमध्ये मूकपट मुका नव्हता. पडद्याच्या कडेला बेन्शी उभा असायचा. तो गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, मध्येच स्वतःचं मतही द्यायचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीला देशात सहा हजारांहून जास्त बेन्शी होते, त्यात बायकाही होत्या. नामांकित बेन्शीचं नाव जाहिरातीत नटापेक्षा मोठ्या अक्षरात छापलं जाई. टोकुगावा मुसेई कुठल्या थिएटरात बोलणार आहे, हे बघून लोक तिकीट काढत.

याचा परिणाम असा झाला की हॉलिवूड १९३० पर्यंत पुरतं बोलायला लागलं, तरी जपानमध्ये मूकपट निघतच राहिले. पहिला यशस्वी जपानी बोलपट १९३१ चा, हेइनोसुके गोशो यांचा. पण यासुजिरो ओझू १९३५ पर्यंत मूकपटच करत होते. थिएटरांना ध्वनियंत्रणा परवडत नव्हती हे एक कारण, आणि बेन्शींची लोकप्रियता हे दुसरं. म्हणजे बाकीच्या जगात जी कला बंद पडली होती, तिला जपानमध्ये आणखी पाच-सहा वर्षं मिळाली. त्या वर्षांत काम करत कोण होतं? ओझू, मिझोगुची, नारुसे, शिमिझू हे दिग्दर्शक. सगळे ऐन तिशीत, नाहीतर तिशीला टेकलेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे चित्रपट दुर्मिळ आहेत म्हणून बघू नका. मूकपटाची भाषा सर्वात पिकलेल्या अवस्थेत कुठे बघायला मिळत असेल तर ती इथे. ओझूंचा १९३२ चा 'आय वॉज बॉर्न, बट...' घ्या. टोकियोच्या उपनगरात नव्याने राहायला आलेली दोन भावंडं. गल्लीतल्या पोरांत दादागिरी कोणाची हे ठरवण्यासाठी ती चिमणीची कच्ची अंडी खातात. मग एके संध्याकाळी वडिलांच्या साहेबाकडे घरगुती चित्रफितींचा खेळ असतो आणि पडद्यावर दिसतं की आपले बाबा साहेबाला हसवायला माकडचेष्टा करतात. पोरं घरी येऊन जेवण सोडतात. 'तुम्ही मोठे आहात म्हणता, मग त्यांच्यापुढे वाकता का?' हा प्रश्न ती ज्या तऱ्हेने विचारतात, त्याला आवाजाची गरजच पडत नाही. बाप झालेल्या कुठल्याही माणसाने हा चित्रपट एकदा तरी बघावा.

आणि हो, यातलं बहुतेक सगळं नष्ट झालंय. त्याबद्दल पुढे प्रतिसादांत बोलूच.

सांजवारा

काय सुंदर विषय! वाचनखूण साठवली. एक शंका: बेन्शी काय बोलणार हे कंपनी लिहून द्यायची का? की प्रत्येक गावात वेगळी गोष्ट?

रीळवेडा

संहिता असायची, पण बेन्शी ती आपल्या मगदुरानुसार वळवायचे. त्यामुळे एकच चित्रपट दोन थिएटरांत दोन वेगळे अनुभव देऊ शकायचा. सुरुवातीच्या काळात तर पडद्यामागे चार-पाच जण बसून एकेका पात्राचे संवाद म्हणत. नाटकाची सवय असलेल्या प्रेक्षकाला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, कारण काबुकीत आणि बुनराकू बाहुलीनाट्यात कडेला बसून कथन करणारा गायक आधीपासूनच होता.

काही तरुण मंडळींना मात्र हे खटकत होतं. नोरिमासा काएरियामा वगैरेंनी १९१० च्या दशकात चळवळच उभारली: गोष्ट चित्रांतून सांगा, संवादांच्या लिखित पाट्या घाला, क्लोजअप वापरा, आणि बायकांच्या भूमिका बायकांनाच द्या. १९२१ चा मिनोरू मुराता यांचा 'रोजो नो रेइकोन' (रस्त्यावरचे आत्मे) ही त्याच विचारातून आलेली आणि सुदैवाने आज उपलब्ध असलेली कलाकृती. दोन वेगळ्या कथा एकमेकींत गुंफून पुढे जातात, आणि डोंगरातला बर्फ तर विसरता येत नाही.

तिसरी घंटा

बेन्शीचं वर्णन वाचताना मला राहून राहून कीर्तनकार आठवत होता. उत्तररंगात एकटा उभा राहून राजाही तोच, रडणारी राणीही तोच, आणि मध्येच थांबून श्रोत्यांना चार शब्द सुनावणाराही तोच.

बायकांच्या भूमिकांवरून: तेइनोसुके किनुगासा, ज्यांना १९५४ साली कान महोत्सवात 'गेट ऑफ हेल'साठी सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ते स्वतः चित्रपटांत आले ते स्त्रीभूमिका करणारे नट म्हणून. ही वाट आपल्याला अनोळखी नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती आणि 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही त्यांनीच. दोन्ही देशांत रंगभूमीची घडी घेऊनच सिनेमा जन्माला आला. फरक असा की जपानमध्ये त्या घडीतला निवेदक पडद्याशेजारी आणखी पंचवीस वर्षं टिकला.

देवराई

लेख चांगला आहे, पण मला एक मुद्दा खटकतो. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण 'अ पेज ऑफ मॅडनेस'पाशी (१९२६) येऊन थांबतात. किनुगासांचाच चित्रपट, कथेत कादंबरीकार यासुनारी कावाबातांचा सहभाग, वेड्यांचं इस्पितळ, एकही पाटी नाही, प्रिंट हरवलेली आणि १९७१ मध्ये दिग्दर्शकाच्याच घरच्या कोठारात सापडलेली. ही कहाणी इतकी आकर्षक आहे की चित्रपट बघायच्या आधीच आपण त्याला श्रेष्ठ ठरवून टाकतो. मी दोनदा बघितला. पहिल्यांदा काहीही कळलं नाही. दुसऱ्यांदा कथासार वाचून बसलो, तेव्हा कळलं. मग प्रश्न पडला की १९२६ मधला प्रेक्षक बेन्शीकडून गोष्ट समजून घेत होता आणि आपण न समजण्यालाच प्रयोगशीलता म्हणतोय, असं तर नाही?

रीळवेडा

देवराई, हा प्रश्न फार मोलाचा आहे आणि मला त्याचं सोपं उत्तर द्यायचं नाही.

टोकियोत तो चित्रपट लागला तेव्हा खरोखरच मुसेईंनी त्याला आवाज दिला होता. त्यामुळे पाट्या नाहीत याचा अर्थ शब्द नव्हते असा होत नाही. वर किनुगासांनी सत्तरच्या दशकात जी आवृत्ती पुन्हा दाखवली ती मूळ चित्रपटापेक्षा आखूड आहे आणि तिला नव्याने संगीत जोडलेलं आहे. आपण जे बघतो ते १९२६ चं जसंच्या तसं नाहीच.

तरीही मी तो थोर मानतो, आणि त्याचं कारण कोठारातली कहाणी नाही. बायको इस्पितळात आहे म्हणून तिथेच झाडूवाला होऊन राहिलेला म्हातारा खलाशी, एवढीच गोष्ट. ती आपल्यापर्यंत पोचते ती गजांमधून दिसणाऱ्या नाचणाऱ्या मुलीतून, पावसाच्या मुसळधार लयीतून, आणि शेवटी शेवटी म्हातारा वेड्यांच्या चेहऱ्यांवर हसरे मुखवटे चढवतो त्या कल्पनेतून. त्या मुखवट्यांचं दुःख समजायला मला कुठलंही सार लागलं नाही. बाकीचं जे समजलं नाही, ते खरोखरच बेन्शीबरोबर गेलं. त्याला गूढता म्हणून मिरवू नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

ओसाकाकर

कामानिमित्त बरीच वर्षं इकडे आहे, म्हणून थोडी भर घालतो.

बेन्शी पूर्ण संपलेले नाहीत. मात्सुदा शुनसुई यांनी युद्धानंतर गावोगाव फिरून जुन्या प्रिंट गोळा केल्या आणि बेन्शीची परंपराही चालू ठेवली. त्यांच्या शिष्या सावातो मिदोरी यांनी ती पुढे नेली आणि आता तरुण बेन्शीही आहेत. मी इथे 'ओरोची' (१९२५) बेन्शी आणि वाद्यवृंदासह पाहिला. शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य), ढोल आणि पाश्चात्त्य वाद्यं एकत्र. बांदो त्सुमासाबुरो यांचा नायक मनाने सरळ सामुराई आहे, पण प्रत्येक वेळी लोक त्याचा उलटा अर्थ काढतात आणि शेवटी दोर, शिड्या घेऊन शेकडो शिपाई त्याच्यावर धावून येतात. ती लढाई संगणकावर मुकाट्याने बघितली होती तेव्हा लांबलेली वाटली होती. बेन्शीचा आवाज चढत गेला, ढोल सुरू झाला, आणि थिएटरातल्या आज्या टाळ्या वाजवायला लागल्या तेव्हा कळलं की ती लांबी तोंडी कथनासाठी मोजून ठेवलेली आहे.

दुसरं, क्योटोमध्ये २०१५ पासून खेळण्यातल्या चित्रफितींचं एक छोटं संग्रहालय आहे. थिएटरात चालून झालेल्या चित्रपटांचे तुकडे कापून घरगुती खेळण्यातल्या प्रोजेक्टरसाठी विकले जायचे. मुलांना हवी असायची तलवारबाजी, म्हणून तलवारबाजीचेच तुकडे जास्त विकले गेले. कित्येक चित्रपटांचे आज तेवढेच काही सेकंद किंवा मिनिटं उरलीत. कोण्या मुलाच्या खेळण्याच्या डब्यात राहिलं म्हणून वाचलं, नाहीतर तेही नसतं.

सांजवारा

बाप रे. एवढं सगळं गेलं कशामुळे? युद्ध?

रीळवेडा

युद्ध हे एक कारण, पण एकच नाही.

१ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात टोकियोतले स्टुडिओ आणि गोदामं उद्ध्वस्त झाली. ऐतिहासिक चित्रपटांचा धंदा त्यानंतर क्योटोत एकवटला. मग १९४४-४५ ची बॉम्बफेक. त्यानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात सरंजामी किंवा लष्करी विचारांचे म्हणून दोनशेहून अधिक चित्रपटांवर बंदी आली आणि कित्येक प्रिंट जाळल्या गेल्या.

पण या तिन्हींपेक्षा मला जास्त अस्वस्थ करणारं कारण म्हणजे रोजची बेपर्वाई. एका चित्रपटाच्या मोजक्याच प्रिंट काढायच्या, त्या गावोगाव फिरवून झिजवायच्या आणि मग भंगारात द्यायच्या. नायट्रेटची फिल्म पेट घेते, दमट हवेत चिकट होऊन कुजते. चित्रपट जपून ठेवण्याची वस्तू आहे असं मालकांना वाटतच नव्हतं.

मिझोगुचींनी १९२३ पासून मूकपटांचा धडाका लावला होता. त्यांतले आज बोटांवर मोजण्याइतके शिल्लक आहेत. ओझूंचा पहिलाच चित्रपट (१९२७) गेला. त्यांचे १९२९ मधले एक-दोन चित्रपट हाती आहेत ते घरगुती प्रोजेक्टरच्या साडेनऊ मिलिमीटर फितीवर काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीत.

सापडण्याच्या कथाही तितक्याच अनपेक्षित आहेत. शिगेयोशी सुझुकी यांचा १९३० चा 'तिला हे करायला कोणी भाग पाडलं?' या अर्थाच्या नावाचा चित्रपट त्या काळी तुफान चालला होता. एका अनाथ मुलीला नातेवाईक, संस्था सगळे लुबाडतात आणि शेवटी ती आग लावते. त्याची प्रिंट नव्वदच्या दशकात रशियाच्या चित्रपट संग्रहालयात मिळाली, आणि तीही शेवटाविना. आगीचा प्रसंग आज पाट्यांवर वाचावा लागतो. दाइसुके इतो यांच्या 'चुजी ताबी निक्की'चे (१९२७) भाग १९९१ मध्ये हिरोशिमाकडे सापडले. त्याआधी साठेक वर्षं लोक त्याची स्तुती केवळ आठवणीवर करत होते.

तिसरी घंटा

हे वाचून आपल्याकडचा 'सावकारी पाश' डोळ्यांसमोर आला. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये केलेला, तरुण शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत. त्याची मूळ प्रिंट कुणाकडेच नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, उरले जेमतेम तीसएक. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी वणवण करून फाळक्यांची रिळं मिळवली, म्हणून तेवढं तरी आहे. जपानचं राष्ट्रीय संग्रहालय सागामिहारा इथे तापमान आणि आर्द्रता राखलेल्या गोदामात फिती ठेवतं. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींना आग लागली होती हे इथल्या अनेकांना आठवत असेल. मला मनापासून वाटतं की जपानी मूकपटांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने आपल्या संग्रहालयाबद्दलही तेवढ्याच पोटतिडकीने बोलावं.

देवराई

तिसरी घंटा, शेवटच्या वाक्याला +१००.

जुनापुराणा

धागा मूकपटांचा आहे, तरी सादाओ यामानाका यांचं नाव निघाल्याशिवाय तो पुरा होणार नाही. त्यांचे उरलेले चित्रपट बोलपट आहेत, पण दुर्मिळ म्हणजे काय ते इथे कळतं.

जन्म क्योटोचा, १९०९. पहिला चित्रपट १९३२ मध्ये. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी वीसहून जास्त चित्रपट केले. पूर्ण स्वरूपात आज आहेत ते तीन. 'तांगे साझेन' (१९३५), 'कोचियामा सोशुन' (१९३६) आणि 'निंजो कामी फूसेन' म्हणजे माणुसकी आणि कागदी फुगे (१९३७).

'तांगे साझेन'मध्ये एक डोळा आणि एक हात गमावलेला दरारा बसवणारा तलवारबाज आहे. हा त्या काळचा लाडका मारधाडीचा नायक. यामानाकांनी त्याला घरी आणून बसवलं. एका साध्या मडक्यात दहा लाखांच्या खजिन्याचा पत्ता दडलाय, सगळे ते मडकं शोधतायत, आणि एक अनाथ पोरगा त्यात आपले सोनमासे ठेवतो. तलवारबाज आणि त्याची बाई त्या पोरावरून भांडतात. 'मी याला मुळीच सांभाळणार नाही' म्हणते, आणि पुढच्याच दृश्यात ती त्याला सांभाळत असते. इतकं हलकं, इतकं प्रेमळ.

'कागदी फुगे' मात्र वेगळा. एदो काळातली, म्हणजे जुन्या सामुराई राजवटीतली चाळ, पाऊस, आणि सुरुवातीलाच एका बेकार सामुराईने गळफास घेतलेला. शेजारी हळहळतात आणि त्याच निमित्ताने दारू प्यायला जमतात. पुढे दुसरा एक बेकार सामुराई, उन्नो, वडिलांच्या ओळखीची चिठ्ठी घेऊन एका मोठ्या माणसाच्या दारात रोज उभा राहतो. तो माणूस रोज टाळतो. बायको घरी कागदी फुगे चिकटवून चार पैसे मिळवते. सामुराईपटात तलवार बाहेर यायला हवी. इथे उन्नोकडे ती उपसण्याइतकी धमकच उरलेली नाही, आणि कॅमेरा त्याला त्याबद्दल एकदाही दोष देत नाही. मी इतका सभ्य चित्रपट दुसरा पाहिलेला नाही.

ज्या दिवशी हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच दिवशी यामानाकांना सैन्याचं बोलावणं आलं. हा आपला शेवटचा चित्रपट ठरला तर वाईट वाटेल, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं होतं. ओझूही त्याच युद्धात चीनमध्ये होते, दोघांची तिथे भेटही झाली. सप्टेंबर १९३८ मध्ये यामानाका तिथेच आजारपणात गेले. वय २८. बेन्शीसह बघायचे त्यांचे मूकपट कसे होते, हे आता केवळ परीक्षणांवरून आणि छायाचित्रांवरून समजून घ्यायचं.

सांजवारा

जुनापुराणा, अंगावर काटा आला. रविवारी 'कागदी फुगे' बघणार.

ओसाकाकर

बेन्शींच्या बाजूनेही एक दुःख आहे. बोलपट आले तेव्हा हजारोंची पोटं गेली. १९३२ मध्ये संप झाले. 'राशोमोन'चे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले भाऊ हेइगो हे नावाजलेले बेन्शी होते. धाकट्याला परदेशी चित्रपट दाखवणारे, वाचायला लावणारे तेच. संपात ते पुढे होते. १९३३ मध्ये त्यांनी जीव दिला. 'राशोमोन'पासून गाडी सुटते असं रीळवेडा यांनी वर लिहिलंय, तर त्या गाडीत बसवणारा माणूस बेन्शी होता हे लक्षात ठेवायला हवं.

निळी शाई

मी या विषयात अगदी नवीन. ओझूंचा 'टोकियो स्टोरी' सोडला तर काही पाहिलेलं नाही. कुठून सुरू करू? आणि घरी दहा वर्षांची मुलगी आहे, तिच्याबरोबर बघता येईल असं काही?

रीळवेडा

मुलीबरोबर 'आय वॉज बॉर्न, बट...' डोळे झाकून लावा. त्याशिवाय जपानच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या ॲनिमेशनपटांचं संकेतस्थळ केलंय, तिथे छोटे छोटे चित्रपट मोफत आहेत. १९१७ चा जुनइचि कोउचि यांचा बोथट तलवारीवरचा चित्रपट तर काही मिनिटांचाच आहे. फसून बोथट तलवार विकत घेतलेला सामुराई ती कुणावर तरी चालवून बघायला निघतो आणि प्रत्येक वेळी स्वतःच मार खातो. मुलगी पुन्हा लावायला सांगेल.

तुमच्यासाठी मी नारुसेंचा 'एव्हरी नाइट ड्रीम्स' (१९३३) सुचवेन. बंदरावरच्या दारूच्या गुत्त्यात काम करून मुलाला वाढवणारी ओमित्सु, आणि अचानक परत आलेला तिचा निकामी नवरा. सुमिको कुरिशिमा यांचा चेहरा बघा. कॅमेरा तिच्याकडे एकदम झेपावतो तेव्हा तिच्या छातीतला धक्का आपल्याला बसतो. त्यानंतर शिमिझूंचा 'जॅपनीज गर्ल्स ॲट द हार्बर' (१९३३), योकोहामाचा. त्यात एक पिस्तूल झाडल्याचा प्रसंग आहे, तो तीन-चार तुकड्यांत, दर तुकड्याला आणखी जवळ जात दाखवलाय. आणि माणूस आयुष्यातून निघून जातो तेव्हा तो चौकटीतून चालत जात नाही, जागच्या जागी विरून जातो.

मिझोगुचींचा 'ताकी नो शिराइतो' (१९३३) थोडा सवयीनंतर. पाण्याचे खेळ करणारी एक बाई एका गरीब मुलाला वकिलीपर्यंत शिकवते, आणि शेवटी तिच्यावरच्या खुनाच्या खटल्यात सरकारी वकील म्हणून तोच समोर उभा राहतो. ताकाको इरिए यांची भूमिका, आणि चित्रपट त्यांच्याच निर्मिती संस्थेचा. त्या काळात!

जुनापुराणा

शिमिझूंचाच 'मिस्टर थँक यू' (१९३६) पण घ्या. बोलपट आहे, पण ठेवण जुनीच. इझूच्या डोंगरातून जाणारी एक बस, वाट देणाऱ्या प्रत्येकाला धन्यवाद म्हणणारा चालक, आणि गाडीत विकली जायला निघालेली एक मुलगी. खरोखरच्या घाटात, खऱ्या बसमधून चित्रण केलंय. वाटेत रस्ता बांधणाऱ्या कोरियन मजुरांतली एक मुलगी भेटते. आपण आता दुसऱ्या कामावर चाललो, मागे वडिलांची कबर राहतेय, तिला अधूनमधून पाणी-फुलं वाहाल का, असं ती चालकाला विचारते. तो तिला गाडीतून सोडतो म्हणतो. ती नको म्हणते, आपल्या माणसांबरोबर चालत जाईन. त्या काळच्या जपानमध्ये हा प्रसंग चित्रपटात ठेवायला छाती लागत असेल.

निळी शाई

मनापासून आभार सगळ्यांचे. शेवटचा प्रश्न: काही प्रतींना संगीतच नसतं असं ऐकलंय. तेव्हा आपण काही लावायचं का?

ओसाकाकर

माझा अनुभव सांगतो. बेन्शीचं कथन ध्वनिमुद्रित केलेल्या डीव्हीडी निघाल्या आहेत, इंग्रजी उपशीर्षकं असतात. पहिला चित्रपट त्यातलाच घ्या, म्हणजे कानाला बाज कळतो. ओझू आणि नारुसे मात्र आधी तसेच, आवाजाविना बघा. त्यांची लय पाट्या आणि नजरांवर चालते, वरून लावलेलं गाणं तिला आडवं येतं. ऐतिहासिक तलवारपटांना मात्र आवाज हवाच. तिथे ढोल असलेलं काहीही चालेल, पण शक्यतो बेन्शीसह प्रत शोधा.

रीळवेडा

सहमत. आणि मुलीबरोबर बघताना पाट्या तुम्हीच मोठ्याने मराठीत वाचून दाखवा. दोन्ही भावांचे आवाज वेगळे काढा. साहेबाच्या घरचा प्रसंग येईल तेव्हा मात्र थोडं थांबा, तिला स्वतःहून काय दिसतं ते आधी बघू द्या. बघून झाल्यावर ती काय म्हणाली ते इथे नक्की लिहा.